अन्नघटक परीक्षण संच : ज्वारी, शेंगा आणि डाळिंबाच्या कसोटीवर

सोलापुरात नवी पेठेच्या परिसरातील प्रयोगशाळा-साहित्याच्या एका दुकानात साडेसातशे रुपयांना मिळणारा अन्नघटक परीक्षण संच मी माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या आठवी ते अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी घेतला. त्यातली रसायने चांगली आहेत आणि काचसामान कामापुरते बरे आहे. सोबतची पुस्तिका मात्र अशी आहे की तिच्यावर विसंबणारा विद्यार्थी काही ठिकाणी चुकीचे उत्तर बरोबर मानून घरी जाईल. त्यामुळे संच घ्यावा का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी असले, तरी तो ज्या रीतीने वापरायला सांगितला आहे त्या रीतीने वापरू नये, असेच मी सुचवेन. निर्मात्यांचे आणि दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही. याच घडणीचे संच निरनिराळ्या वेष्टनांत मिळतात आणि पुढील बरेचसे मुद्दे त्यांनाही लागू पडतील.

खोक्यात स्टार्च ओळखण्यासाठी आयोडीनचे द्रावण, शर्करेसाठी बेनेडिक्ट द्रावण, प्रथिनांच्या बाययुरेट परीक्षेसाठी सोडियम हायड्रॉक्साइड आणि कॉपर सल्फेट यांच्या दोन स्वतंत्र बाटल्या, मेदासाठी सुदान-३ हा रंग, विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, परीक्षानळ्या, लाकडी चिमटा, ड्रॉपर आणि स्पिरिटचा छोटा दिवा आहे. शिवाय ग्लुकोज, स्टार्च, अंड्यातील पांढऱ्या बलकाची भुकटी आणि तेल असे चार नमुने दिले आहेत. आम्ल आणि अल्क या दोहोंच्या बाटल्या देऊनही डोळ्यांसाठी संरक्षक चष्मा दिलेला नाही, ही उणीव मी किरकोळ मानत नाही. सोडियम हायड्रॉक्साइड डोळ्यात उडाले तर होणारी इजा आम्लाच्या इजेपेक्षाही खोल जाऊ शकते. चष्मे वेगळे विकत घ्यावेत आणि ती रक्कम संचाच्या किमतीतच धरावी.

सोबतचे चार नमुने एकदा वापरून बाजूला ठेवले तरी चालतील. ग्लुकोजच्या पुडीवर ‘ग्लुकोज’ असे छापलेले असते आणि परीक्षेचे उत्तरही तेच येते. त्यातून हाताला सवय होते, पण डोक्याला काम मिळत नाही. या संचाचे खरे मोल घरच्या डब्यातले पदार्थ नळीत घातल्यावर कळते, आणि त्या दृष्टीने सोलापूरचे स्वयंपाकघर फार सोयीचे आहे. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, तुरीचे वरण, गूळ आणि डाळिंब एवढ्या पाच गोष्टींत कर्बोदके, प्रथिने आणि मेद हे तिन्ही मोठे गट येतात. शिवाय या परीक्षा जिथे चकवतात त्या बहुतेक जागाही याच पदार्थांत सापडतात.

पुस्तिकेचा पहिला दोष पहिल्याच पानावर आहे. सेंद्रिय रेणू केवळ सजीवांच्या शरीरातच तयार होतात, असे तिथे ठामपणे लिहिले आहे. हे मत १८२८ सालीच डळमळीत झाले होते. त्या वर्षी फ्रीडरिश व्हलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अमोनियम सायनेट या अजैविक मानल्या जाणाऱ्या क्षारापासून प्रयोगशाळेत युरिया मिळवला, आणि सजीवांखेरीज असा पदार्थ बनूच शकत नाही हा समज हळूहळू मागे पडला. कार्बनचा अणू चार बंध करू शकतो, इतर कार्बन अणूंशी जोडून लांब साखळ्या आणि कडी बनवू शकतो, आणि त्या सांगाड्यावर हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन यांचे गट बसतात. सेंद्रिय रेणूंची विविधता यातून येते. मग तो रेणू पानात बनो वा कारखान्यात. गंमत अशी की याच पुस्तिकेत पुढे जी बाययुरेट परीक्षा दिली आहे, तिचे नाव ज्या संयुगावरून पडले ते संयुग युरिया तापवून मिळते. पहिल्या पानावरच्या विधानाला त्याच पुस्तिकेच्या मधल्या पानावर उत्तर आहे, पण लिहिणाऱ्याच्या ते लक्षात आलेले दिसत नाही.

दुसरा दोष अधिक खोल आहे, कारण तो सगळ्या प्रयोगांच्या मांडणीत मुरलेला आहे. प्रत्येक परीक्षेच्या शेवटी ‘रंग आला तर घटक आहे, रंग आला नाही तर घटक नाही’ असे दोन रकाने दिले आहेत. वास्तविक कोणतेही अभिकारक, म्हणजे परीक्षेसाठी घातलेले रसायन, ‘पिष्टमय पदार्थ’ किंवा ‘प्रथिन’ ओळखत नाही. ते रेणूचा एखादा विशिष्ट भाग किंवा त्याची विशिष्ट घडण ओळखते. आयोडीनला स्टार्चमधल्या अमायलोजच्या साखळीचा पीळ लागतो, बेनेडिक्टला शर्करेचे मोकळे टोक लागते, तर बाययुरेटला अमिनो आम्लांना जोडणारे, एकामागोमाग एक आलेले पेप्टाइड बंध लागतात. तो भाग झाकलेला असेल, विरघळलेला नसेल, किंवा पदार्थातल्या दुसऱ्या एखाद्या रंगाने उत्तर गिळून टाकले असेल, तर घटक भरपूर असूनही नळी गप्प राहते. हे एकदा समजले की संच उपयोगी ठरतो. हे न समजता वापरला तर दिशाभूल होते.

आयोडीनपासून सुरुवात करावी. संचातले द्रावण ताजे आणि योग्य तीव्रतेचे निघाले. आयोडीन पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून त्यात पोटॅशियम आयोडाइड घालतात आणि त्यामुळे तयार होणारे आयोडीनचे संयुक्त आयन स्टार्चच्या रेणूत शिरतात. स्टार्चमध्ये दोन प्रकारचे रेणू असतात. अमायलोज ही ग्लुकोजची जवळजवळ सरळ साखळी असून ती स्प्रिंगसारखी पीळ घेते आणि त्या पिळाच्या पोकळीत आयोडीन बसले की गडद निळा-काळा रंग दिसतो. फांद्या फुटलेले अमायलोपेक्टिन तेवढा लांब पीळ घेऊ शकत नाही, म्हणून त्याचा रंग तांबूस-जांभळा येतो. चिमूटभर ज्वारीचे पीठ पाण्यात उकळून थंड केले आणि त्यात आयोडीनचा एक थेंब टाकला की नळी शाईसारखी होते. येथे पुस्तिका म्हणते की पीठ उकळून ‘लगेच’ द्रावण घालावे. तसे केले तर रंग फिका येतो किंवा येतच नाही, कारण उष्णतेने तो पीळ सैल होतो आणि आयोडीन बाहेर पडते. नळी थंड होऊ दिली की निळा रंग आपोआप परत येतो. लेखकाने हा प्रयोग स्वतः केला असता तर ‘लगेच’ हा शब्द त्या पानावर राहिला नसता. मी मात्र ही चूक मुलांना आधी सांगितली नाही. गरम नळीतून रंग गेलेला आणि थंड होताना परतलेला पाहिल्यावर त्यांनी स्वतःहून जे प्रश्न विचारले, ते कोणत्याही व्याख्येपेक्षा जास्त कामाचे होते.

याच आयोडीनने सोलापुरातच सुचेल असा एक प्रयोग करता येतो. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि सेल्युलोजही स्टार्चसारखेच ग्लुकोजचे बनलेले असते; फरक दोन ग्लुकोजमधल्या जोडणीच्या दिशेचा असतो. स्टार्चमधली जोडणी आपल्या पाचक रसांना तोडता येते, सेल्युलोजमधली येत नाही, म्हणून ज्वारीचे कणीस आपण खातो आणि कडबा जनावरांना घालतो, ज्यांच्या पोटातले सूक्ष्मजीव ती जोडणी तोडू शकतात. जुन्या, अनेकदा धुतलेल्या सोलापुरी चादरीचा दोरा आयोडीनमध्ये बुडवला तर तो नुसता पिवळट होतो, निळा होत नाही. मात्र मागावर चढवण्यापूर्वी ताण्याच्या सुताला जी खळ (ताठपणा देणारा लेप) देतात ती पिठाची असेल, तर कोरे सूत झटकन निळे पडते. ज्यांच्या घरात यंत्रमागावर काम करणारी माणसे आहेत अशा मुलांना हा फरक सांगावा लागला नाही. खळ म्हणजे काय हे त्यांनीच इतरांना समजावून दिले.

आयोडीनची आणखी एक खोड आहे, तिचा पुस्तिकेत उल्लेख नाही. निळ्या झालेल्या पिठाच्या पाण्यात लिंबाचा रस थेंब थेंब घातला तर रंग नाहीसा होतो, कारण रसातले क जीवनसत्त्व आयोडीनचे आयोडाइडमध्ये रूपांतर करते आणि आयोडाइड स्टार्चला रंग देत नाही. याचा अर्थ असा की लिंबू पिळलेल्या पोह्यांवर आयोडीन टाकले तर पहिले थेंब वाया जाऊ शकतात आणि मूल ‘पोह्यांत स्टार्च नाही’ असे लिहून मोकळे होऊ शकते. उलट बाजूने पाहिले तर, वेष्टनावर ‘सर्व पोषकद्रव्ये ओळखा’ असे छापणाऱ्या या संचात जीवनसत्त्वांची एकही परीक्षा नाही, पण ती करण्याचे साहित्य त्यातच आहे. लिंबू, पेरू आणि उकळून ठेवलेला लिंबूरस यांचे किती थेंब लागतात हे मोजून ढोबळ तुलना करता येते. आयोडीनचा रंग घालवणारे इतर पदार्थही असतात, त्यामुळे ही तुलना ढोबळच समजावी. तरी ती असायला हवी होती.

बेनेडिक्ट द्रावण हा या संचातला सर्वांत उत्तम भाग आहे. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॉसिटर बेनेडिक्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या द्रावणात कॉपर सल्फेट, सोडियम कार्बोनेट आणि सोडियम सायट्रेट असते. जुन्या फेहलिंग परीक्षेत दोन द्रावणे ऐन वेळी मिसळावी लागतात. हे मात्र एकाच बाटलीत दीर्घकाळ टिकते, म्हणून शाळेला ते सोयीचे. शर्करेच्या मोकळ्या टोकामुळे निळ्या तांब्याचे क्षपण होऊन क्यूप्रस ऑक्साइडचा अवक्षेप तयार होतो आणि त्याच्या प्रमाणानुसार रंग हिरवा, पिवळा, नारिंगी, शेवटी विटकरी असा बदलत जातो. पुस्तिकेत नळी थेट दिव्याच्या ज्योतीवर धरायला सांगितले आहे. तसे करू नये. द्रावण उसळून बाहेर येते आणि ते चांगलेच भाजते. पातेल्यात पाणी उकळून त्यात नळ्या उभ्या ठेवाव्यात. सगळ्या नळ्यांना सारखीच उष्णता मिळाल्यामुळे त्यांची तुलनाही करता येते.

या परीक्षेच्या पानावर ‘साखर असल्यास विटकरी रंग येईल’ असे वाक्य आहे आणि ज्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची एवढी दाटी आहे, तिथल्या मुलाने पहिली गोष्ट कोणती तपासावी? अर्थातच घरातली साखर. ती बेनेडिक्टमध्ये कितीही उकळली तरी निळीच राहते. साखरेचा रेणू, म्हणजे सुक्रोज, हा एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज जोडून बनतो आणि ही जोडणी नेमकी दोघांच्या क्रियाशील टोकांमध्येच होते, त्यामुळे क्षपण करायला एकही टोक मोकळे उरत नाही. त्याच साखरेचे पाणी विरल आम्लाबरोबर काही मिनिटे उकळले, की पाण्याच्या साहाय्याने जोडणी तुटते. मग सोडा घालून, फसफस थांबेपर्यंत, आम्ल उदासीन केले आणि बेनेडिक्ट परीक्षा केली की भरघोस विटकरी रंग येतो. निर्मात्यांनी आम्लाची बाटली दिली, पण ती कशासाठी हे लिहिले नाही आणि आम्ल उदासीन करायला काही दिलेही नाही. खाण्याचा सोडा चालतो. या एका प्रयोगाची पूर्ण कृती छापली असती, तर जलापघटन ही पचनाच्या मुळाशी असलेली क्रिया संचाच्या मध्यभागी आली असती.

गूळ मात्र आम्लाविनाच उत्तर देतो. रस तापवून आटवताना त्यातल्या काही सुक्रोजचे आधीच विघटन झालेले असते, त्यामुळे गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मोकळे सापडतात. एका नळीत साखर, दुसरीत गूळ, तिसरीत आम्लात उकळलेली साखर अशी मांडणी मी आता कायमची ठरवली आहे. गुळाचे पाणी बरेच पातळ करावे, नाहीतर त्याचा स्वतःचा तपकिरी रंग मध्ये येतो.

थंडीत हा संच ज्यांच्याकडे असेल त्यांनी हुरडा अवश्य तपासावा. कोवळ्या दाण्यात पानांकडून आलेली शर्करा अजून पूर्णपणे स्टार्चमध्ये साठवली गेलेली नसते. म्हणून हुरडा गोड लागतो आणि तेच कणीस पिकले की दाणा पिठूळ होतो. गुळभेंडी या हुरड्याच्या ज्वारीचे कच्चे, न भाजलेले दाणे ठेचून त्यांचे पाणी बेनेडिक्टमध्ये उकळले आणि शेजारी पिकलेल्या ज्वारीच्या पिठाचे पाणी ठेवले, तर जिभेला कळणारा फरक रंगात दिसतो. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची ज्वारी या पिकलेल्या बाजूला ठेवावी. इथे आयोडीन आणि बेनेडिक्ट ही दोन्ही अभिकारके एकमेकांना पूरक साक्ष देतात आणि साठवणीचा रेणू व वापराचा रेणू हा भेद पुस्तकाबाहेर येतो.

डाळिंबाने आम्हाला अपेक्षेपेक्षा अधिक शिकवले. केगाव येथे डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र असलेल्या शहरात हे फळ तपासायचे नाही, असे होणे शक्य नव्हते. डाळिंबातली शर्करा मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची असते, त्यामुळे बेनेडिक्टचे उत्तर जोरदार यायला हवे. ते येतेच, परंतु रस जसाच्या तसा घेतला तर आधी भलतेच काही घडते: द्रावण अल्कधर्मी असल्याने रसातली लाल अँथोसायनिन द्रव्ये रंग बदलून हिरवट-निळसर होतात, आणि नळी तापवण्यापूर्वीच हिरवी दिसली की विद्यार्थी ‘थोडी शर्करा आहे’ अशी नोंद करतो. उपाय दोन आहेत. रस भरपूर पातळ करावा आणि न तापवलेली एक नळी तुलनेसाठी शेजारी ठेवावी. तुलनेची नळी ही कल्पना पुस्तिकेत कुठेही नाही, आणि तिच्या सर्व दोषांत मला हा सर्वांत मोठा वाटतो.

प्रथिनांसाठीची बाययुरेट परीक्षा योग्य रीतीने दिली आहे. दोन बाटल्या वेगळ्या आहेत हेही चांगले. आधी सोडियम हायड्रॉक्साइड, मग कॉपर सल्फेटचे अगदी थोडे थेंब. जास्त घातले तर तांब्याचा निळा रंग जांभळ्याला झाकून टाकतो. अंड्याचा पांढरा बलक, दूध आणि तुरीच्या डाळीचे पाणी यांनी स्वच्छ जांभळा रंग दिला. ज्वारीच्या पिठाच्या गाळलेल्या पाण्याने मात्र फारच फिका रंग दिला आणि दोन्ही रकान्यांचे काटेकोर पालन करणाऱ्या मुलीने ‘ज्वारीत प्रथिन नाही’ असे लिहिले. ज्वारीच्या पिठात सुमारे दहा टक्के प्रथिन असते, पण त्याचा मोठा भाग काफिरिन या गटातला आहे आणि ते पाण्यात विरघळत नाही. जे विरघळलेच नाही ते गाळणीवर राहिले आणि नळीत पोचलेच नाही. पीठ न गाळता अल्कात काही वेळ भिजू दिले तर रंग सुधारतो. गव्हातल्यासारखे चिवट ग्लुटेन ज्वारीत बनत नाही, म्हणून भाकरी पोळीसारखी लाटण्याऐवजी गरम पाण्यात पीठ मळून हाताने थापतात, हा मुद्दाही याच संदर्भात मुलांना पटतो.

बाययुरेट परीक्षा प्रथिन आहे एवढेच सांगते. ते कोणत्या अमिनो आम्लांचे आहे हे सांगत नाही, आणि आहारात फरक त्याने पडतो. प्रथिने ज्या २० अमिनो आम्लांतून घडतात, त्यांपैकी काही शरीराला स्वतः बनवता येत नाहीत. ज्वारीत लायसिन कमी असते. डाळीत ते चांगले असते, पण डाळीत गंधकयुक्त अमिनो आम्ले तुलनेने कमी पडतात, ती धान्यातून मिळतात. पिठले-भाकरी किंवा भाकरी-आमटी या जोड्यांचे पोषणदृष्ट्या समर्थन करायचे तर ते इथे आहे. संचाच्या पुस्तिकेत यावर दोन ओळी आल्या असत्या तर पृष्ठसंख्या वाढली नसती.

मेदाची परीक्षा हा संचाचा कमकुवत भाग आहे. सुदान-३ हा तांबडा रंग मेदात विरघळतो, पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे तेलाचा थर लाल होतो आणि खालचे पाणी तसेच राहते. नमुन्याच्या कुपीतल्या तेलावर हे सुंदर दिसते. पण सोलापुरात मेदाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे शेंगांची चटणी, आणि ती मुळातच लाल असते. शेंगदाण्यात वजनाच्या सुमारे चाळीस ते पन्नास टक्के मेद आणि साधारण चौथा हिस्सा प्रथिन असते. भाजून लसूण, तिखट, मीठ घालून उखळात कुटले की तेल सुटते आणि तिखटातली लाल रंगद्रव्ये त्या तेलातच उतरतात, कारण तीही मेदात विरघळणारी असतात. मग नळीतला लाल थर सुदानचा की मिरचीचा, हे कोण ठरवणार? अशा वेळी साधा कागद कामाला येतो. चटणी कागदावर दाबावी, झटकावी, कागद वाळू द्यावा. पाण्याचा डाग नाहीसा होतो, तेलाचा राहतो आणि प्रकाशात धरल्यास पारभासक दिसतो. मुळात ज्या अभिकारकाने परीक्षा घ्यायची त्याच्या रंगाचा पदार्थ निवडू नये, हे सूत्र मुलांना चटणीनेच शिकवले. सुदान-३ चे द्रावण अल्कोहोलमध्ये केलेले असते आणि ते पेट घेऊ शकते, याविषयी एक शब्दही न लिहिता त्याच पानावर स्पिरिटचा दिवा पेटवायला सांगणे हे बेफिकिरीचे लक्षण आहे.

शेवटच्या पानावर शेंगदाणा जाळून त्यातली ऊर्जा मोजण्याचा प्रयोग आहे. टाचणीला टोचलेला दाणा पेटवून त्यावर पाण्याची नळी धरायची आणि पाण्याचे तापमान किती वाढले ते पाहायचे. प्रयोग देखणा आहे, निष्कर्ष मात्र पुस्तिकेने जसाच्या तसा खरा मानला आहे. उदाहरणादाखल, २० मिलिलिटर पाणी ४० अंशांनी तापले तर पाण्याला ८०० कॅलरी, म्हणजे ०.८ किलोकॅलरी मिळाली. अर्ध्या ग्रॅमच्या दाण्यात मात्र सुमारे पावणेतीन किलोकॅलरी असतात. उरलेली उष्णता हवेत, काचेत आणि न जळलेल्या काजळीत गेली. मेदापासून ग्रॅममागे ९ आणि कर्बोदके व प्रथिनांपासून ४ किलोकॅलरी मिळतात, हे आकडे सांगून मुलांनाच ‘बाकीची ऊर्जा कुठे गेली’ असे विचारले तर तोच प्रयोग वेगळ्या उंचीवर जातो. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले मूल वर्गात नाही याची खात्री आधी करून घ्यावी.

संचात नसलेला, पण संचातल्या दोनच बाटल्यांनी होणारा प्रयोग कडक भाकरीचा. सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, ही भाकरी पातळ थापून इतकी वाळवलेली असते की ती पापडासारखी मोडते आणि बरेच दिवस टिकते. भाजताना तिच्यातले स्टार्च आधीच फुगलेले असल्याने ती भिजवून केलेले पाणी लाळेतल्या अमायलेज या विकराला सहज सापडते. एका नळीत भाकरीचे पाणी आणि लाळ, दुसरीत भाकरीचे पाणी आणि उकळून थंड केलेली लाळ, तिसरीत नुसते भाकरीचे पाणी. तिन्ही नळ्या शरीराच्या तापमानाइतक्या कोमट पाण्यात ठेवायच्या, आणि त्यासाठी उन्हाळ्यातल्या सोलापुरात पाणी तापवावे लागत नाही. ठरावीक वेळाने एकेक थेंब काढून आयोडीनशी मिळवला की पहिल्या नळीतला निळा रंग उतरत जातो, बाकीच्या दोन तशाच राहतात. त्यानंतर पहिल्या नळीचे बेनेडिक्ट उत्तर होकारार्थी येते, कारण स्टार्च तुटून माल्टोज तयार झालेले असते. उकळल्याने विकराची घडण मोडते आणि काम थांबते, हे दुसरी नळी दाखवते. प्रत्येकाने स्वतःचीच लाळ हाताळावी आणि नळ्या नंतर निर्जंतुक कराव्यात, एवढे पथ्य पुरे.

केंद्रकाम्लांचा, म्हणजे डीएनएसारख्या रेणूंचा, संचात मागमूस नाही. केळे कुस्करून त्यात मीठ, भांडी घासायचा द्रव साबण आणि वरून थंडगार अल्कोहोल घातले की पांढरे तंतू वर येतात, तेवढे तरी देता आले असते. खनिजांचेही तेच. वेष्टनावरचा ‘सर्व’ हा शब्द त्यामुळे खरा ठरत नाही.

दुकानाच्या सेवेबद्दल तक्रार करण्याजोगे फारसे नाही. खोके उघडले तेव्हा कॉपर सल्फेटची बाटली झाकणाजवळ पाझरलेली होती. ती दाखवताच कोणतीही चौकशी न करता दुसरी दिली. काउंटरवरचे गृहस्थ माहीतगार वाटले. सोडियम हायड्रॉक्साइड लहान मुलाच्या हाती देऊ नका, हे त्यांनी न विचारता सांगितले. पुस्तिकेला जे सुचले नाही ते तोंडी तरी सांगितले गेले, याची नोंद घ्यावीशी वाटते. आयोडीन मात्र पारदर्शक बाटलीत दिले आहे. ते गडद काचेच्या बाटलीत काढून सावलीत ठेवावे, विशेषतः मार्च ते मे या काळात, नाहीतर त्याचा रंग फिका पडत जातो.

घरी एखाद-दुसऱ्या मुलासाठी घेणाऱ्यांना साडेसातशे रुपये जास्त वाटणार नाहीत. शाळेने मात्र पूर्ण संच घेऊ नये. त्याच दुकानात बेनेडिक्ट, आयोडीन आणि बाययुरेटच्या दोन बाटल्या मोठ्या आकारात सुट्या मिळतात, परीक्षानळ्या डझनावर मिळतात, आणि सुदान-३ ऐवजी कोरा कागद पुरतो. तांब्याचे क्षार असलेली वापरलेली द्रावणे झाडांना घालू नयेत किंवा उघड्या गटारात ओतू नयेत. ती एका बरणीत साठवून रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत जमा करावीत, आणि पुढच्या खरेदीच्या वेळी दुकानदाराकडे संरक्षक चष्म्यांची मागणी नोंदवावी.